कार्ट्रिज की टँक? घरच्या प्रिंटरबद्दल माझा कौल

घरासाठी प्रिंटर घ्यायचा ठरला की माणूस बहुतेक एकाच जागी अडतो. चार-पाच हजारांत मिळणारा, शाईच्या बदलायच्या डबीचा म्हणजे कार्ट्रिजचा ऑल-इन-वन घ्यावा, की बारा-पंधरा हजार मोजून बाटलीनं शाई भरायचा टँकचा? प्रिंट, स्कॅन, कॉपी दोन्हींत आहे, मोबाईलवरून दोन्ही चालतात, रोजच्या कामाला छपाई दोन्हींची चांगली येते. त्यात इथे शिरत नाही. आमच्या घरी आधी कार्ट्रिजचा होता, आता टँकचा आहे. माणसं तीच, कामं तीच आणि इंदूरची हवाही तीच, त्यामुळे फरक नेमका कुठे पडतो ते जवळून बघायला मिळालं. माझा कल टँककडे आहे हे आधीच सांगून टाकतो. तो प्रत्येक घराला लागू होईलच असं मात्र नाही.

आधी घरातलं छापणं कसं असतं ते बघा, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. आमच्याकडे मुलीच्या शाळेच्या वर्कशीट आणि प्रोजेक्ट, आधार आणि मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीच्या प्रती, बँकेचे फॉर्म, आईच्या भजनी मंडळाची पदं मोठ्या टायपात, आणि गणपतीत शेजारपाजारच्यांसाठी अथर्वशीर्षाच्या प्रती. हे काम माळव्यातल्या पावसासारखं येतं: आलं की झोडपून, नाहीतर आठवडेच्या आठवडे कोरडे. शाळा सुरू होताना आणि परीक्षेच्या आधी प्रिंटरला उसंत नसते. मे महिन्यात त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आणि इंकजेटला, म्हणजे ओल्या शाईच्या या दोन्ही प्रिंटरांना, नेमकं हेच सोसत नाही. कागदावर शाई सोडणाऱ्या हेडची छिद्रं केसापेक्षा बारीक असतात आणि घरगुती इंकजेटची शाई बहुतेक पाण्यात कालवलेली असते. पाणी उडालं की छिद्राच्या तोंडाशी रंग घट्ट होतो. एप्रिल-मेमध्ये इंदुरात पारा चाळिशीच्या वर आणि हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर तासाभरात वाळते. शाईचंही तेच होतं. पानावर बारीक पांढऱ्या रेघा दिसायला लागतात, मग कधी एखादा रंगच गायब होतो.

त्यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: हेड क्लीनिंग. पण क्लीनिंग म्हणजे काय होतं? प्रिंटर छिद्रांमधून शाई ओढून घेतो आणि आतल्या स्पंजमध्ये सोडून देतो. ती शाई कागदावर कधीच येत नाही. कार्ट्रिजमध्ये मुळात शाई किती, तर छोट्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम काही मिलिलिटर. दोन-तीनदा क्लीनिंग केलं की शाईची पातळी डोळ्यांदेखत खाली येते.

खोक्यावर जो पानांचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. इंकजेटसाठी तो आकडा आयएसओ/आयईसी २४७११ या मानकाप्रमाणे काढतात आणि त्या चाचणीत पानं सलग छापली जातात. आज दोन पानं, मग बारा दिवसांनी एक, पुन्हा महिन्याभरानं क्लीनिंग करून चार, असं घर त्या चाचणीत नसतं. त्यामुळे शंभर-दोनशे पानांचं म्हणून आणलेलं कार्ट्रिज आमच्याकडे त्याच्या आसपासही पोचत नसे. कंपनी खोटं बोलते असं मी म्हणत नाही, मोजायची रीतच ऑफिसासारखी आहे.

आता ज्या एका त्रासामुळे मी बाजू बदलली तो सांगतो. लोक सहसा तक्रार करतात की साधं काळं पान काढायचं असतं आणि रंगाचं कार्ट्रिज संपलं म्हणून प्रिंटर अडून बसतो. तेही आम्ही पाहिलं. मुलीचा नर्मदेचा नकाशा काढताना निळा संपला आणि त्याच डबीतले लाल-पिवळे भरलेले असून टाकून द्यावे लागले, हेही झालं. पण माझा जीव खरा मेटाकुटीला आला तो घरच्यांच्या सवयीमुळे. शाई महाग, म्हणून कोणीही पान काढण्याआधी विचारायला लागलं, "काढू का?" आईनं पदं वहीत हातानं उतरवायला सुरुवात केली. मुलगी वर्कशीट टॅबवर बघून वहीत सोडवायची. सगळे समंजसपणानं शाई वाचवत होते. आणि वाचवलेली शाई आतल्या आत वाळत होती. ती मोकळी करायला क्लीनिंग, क्लीनिंगमध्ये शाई गेली म्हणून नवं कार्ट्रिज, नवं महाग म्हणून आणखी जपून वापर. जे यंत्र वापरलं तरच नीट राहतं, त्याला असं खाणं दिलेलं की वापरायची भीती वाटावी. कार्ट्रिजच्या प्रिंटरची माझ्या लेखी सगळ्यात मोठी खोट हीच, आणि ती कुठल्याही मॉडेलच्या माहितीपत्रकात दिसत नाही.

टँक आल्यावर ही साखळी तुटली. एप्सनची ००३ नंबरची काळ्या शाईची बाटली ६५ मिलिलिटरची येते आणि तिच्यावर ४५०० पानांचा दावा आहे. घरगुती वापरात त्यातली निम्मी धरली तरी एका पानाची शाई पैशांत मोजायची गोष्ट होते. क्लीनिंगची शाई इथेही वायाच जाते, पण जीव हळहळत नाही. सहा महिन्यांत आईचं मंडळ पूर्ण चातुर्मासाची पदं छापून मोकळं झालं. मुलगी आता रंगीत नकाशा दोनदा काढते, एक वहीत चिकटवायला आणि एक भिंतीवर लावायला. आणि रोज चालतो म्हणून हेडही कमी तुंबतं. हे मी मोजलेलं नाही, पण पांढऱ्या रेघा दिसणं आता क्वचित होतं एवढं नक्की सांगू शकतो.

टँकची कल्पना आली कुठून तेही सांगण्यासारखं आहे. कार्ट्रिजच्या प्रिंटरला लोक बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून घेत असत. तुम्हीही एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात असं यंत्र पाहिलं असेल, बाजूला चार बाटल्या आणि आत गेलेली नळ्यांची पट्टी. आशियातल्या बाजारांत हे फार चालत होतं. मग २०१० मध्ये एप्सननं इंडोनेशियात स्वतःचाच टँकचा प्रिंटर आणला आणि पुढे कॅनन, एचपी, ब्रदर सगळे त्या वाटेनं आले. गिऱ्हाइकानं शोधलेली युक्ती कंपन्यांनी उचलली, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते.

कार्ट्रिजची बाजू मात्र लंगडी नाही. घरगुती दोन-कार्ट्रिजवाल्या प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा हेड कार्ट्रिजवरच असतं. तुंबलं, गेलं, तर नवं कार्ट्रिज लावा, हेडही नवंकोरं. टँकमध्ये हेड कायमचं असेल आणि ते गेलं, तर दुरुस्तीचा खर्च ऐकून लोक प्रिंटरच बदलतात. इथे टँकांतही फरक आहे आणि दुकानदार तो आपणहून सांगतीलच असं नाही. एप्सनच्या घरगुती टँकमध्ये हेड यंत्रातच बसवलेलं असतं. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये ते घरी बदलता येतं. घरी प्रिंटर महिना-महिना पडून राहणार असेल तर मी ही गोष्ट सगळ्यात आधी बघेन.

दुसरी गोष्ट काळ्या शाईची. काही प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे रंगाचे न विरघळणारे कण असलेली, आणि काहींत डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची. आमच्या टँकची डायची आहे. गणपतीत अथर्वशीर्षाच्या एका प्रतीवर तीर्थाचा थेंब पडला आणि 'त्वमेव'मधला व चहूबाजूंनी फुलला, कडेला निळसर झाक आली. जुन्या कार्ट्रिजची काळी शाई पिगमेंटची होती, ती अशा थेंबाला दाद देत नसे. पावसाळ्यात कागद घेऊन ऑफिसांच्या चकरा मारायच्या असतील तर पिगमेंट बघूनच घ्या. दुकानात पान काढायला लावा, मिनिटभर वाळू द्या, ओलं बोट अक्षरावरून फिरवा, कळतं.

टँक हलवायला कटकटीचा असतो हेही खरं. शाई भरलेली असताना तो आडवा-तिडवा करता येत नाही. बदलीची नोकरी असेल, मुलगा इंदुरातल्या भंवरकुआंला कोचिंगसाठी खोली घेऊन राहत असेल आणि दोन वर्षांत पुण्याला जाणार असेल, तर त्याला छोटा कार्ट्रिजचाच बरा.

लेझरबद्दलही विचारतात. पावडर वाळत नाही, वर्षभरानं चालू करा, पहिलं पान स्वच्छ. नुसतं काळं छापणाऱ्याला मी लेझरच सुचवीन. पण पावडर कागदावर वितळवायला आत चांगलीच उष्णता लागते, त्यामुळे तो घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालवू नये. आणि शाळेत जाणारं मूल असलं की रंग लागतोच.

स्कॅनरच्या बाबतीत कार्ट्रिज आणि टँक दोघं सारखे, आणि दोघांची अडचणही सारखी. काच बहुतेक ए-फोर मापाची असते आणि घराची जुनी रजिस्ट्री त्याहून लांब, लीगल मापाची असू शकते. मग खालच्या सह्या बाहेर राहतात. अशी कागदपत्रं वारंवार स्कॅन करायची असतील तर वर कागद ओढून घेणारा फीडर असलेलं मॉडेल घ्या, मग ते कार्ट्रिजचं असो की टँकचं.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पान स्वस्त पडतं, हे मान्य. महिन्याला पाच-सात पानांच्या वर काम नसेल तर प्रिंटर घेऊच नका. फक्त आधारची फाईल अनोळखी कॉम्प्युटरवर पाठवताना शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार वापरा.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी एक सवय घरात सगळ्यांना लावा. प्रिंटर भिंतीवरच्या स्विचनं बंद करायचा नाही. त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला की आतून खर्रखर्र आवाज येतो, हेड कडेला सरकतं आणि रबरी टोपीवर जाऊन बसतं. ती टोपीच छिद्रं ओली ठेवते. स्विचनं वीज तोडली आणि हेड मध्येच उघडं राहिलं, तर मे महिन्यात त्याचं काय होईल ते वर आलंच आहे. आमच्याकडे बाबांना झोपण्याआधी घरभरचे स्विच बंद करायची सवय, म्हणून प्रिंटरच्या स्विचवर मी चिकटपट्टी लावली आहे. आठवड्यातून एकदा चारही रंग येतील असं एक पान काढायचं, मग ते कॅलेंडर असो की फोटो.

खरेदीला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलात तर दोन-तीन दुकानं फिरा, भावात फरक मिळतो. सुटी शाई भरून देतो असंही कोणी म्हणेल. टँकच्या मूळ बाटलीचा भाव बघितलात तर त्या वाटेला जायची गरज वाटणार नाही. कार्ट्रिजच्या वेळी मात्र तो मोह फार होतो, हेही मनात असू द्या.

पहिल्यांदा टँक भरलात की शाईची पातळी लगेच बरीच खाली गेलेली दिसेल. घाबरू नका, ती नळ्या आणि हेड भरण्यात गेलेली असते. बाटलीवरचा पानांचा आकडा दुसऱ्या भरणीपासून धरा.