सुतारकी करणाऱ्या कवीचा संग्रह: ‘आयव्ह टेस्टेड माय ब्लड’ (I've Tasted My Blood, ‘मी माझे रक्त चाखले आहे’)

कॅनडाचे कवी मिल्टन एकॉर्न यांचे नाव बेळगाव, खानापूर भागातील मराठी वाचकांच्या कानावर क्वचितच आले असेल. म्हणूनच त्यांच्या १९५६ ते १९६८ या काळातील कवितांचा हा संग्रह, जुनी प्रत मागवावी लागली तरी, आवर्जून वाचावा असे मला वाटते. निवड त्यांचे कविमित्र अल पर्डी यांची असून टोरांटोच्या रायर्सन प्रेसने १९६९ साली तो प्रसिद्ध केला.

एकॉर्न १९२३ साली प्रिन्स एडवर्ड बेटावरील शार्लटटाउन येथे जन्मले. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक ओलांडताना झालेल्या दुखापतीमुळे त्यांना अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळत असे, आणि पुढे मॉन्ट्रियलमध्ये ते सुतारकी करत. हाताने काम करणाऱ्या माणसाची नजर या कवितांत ठायी ठायी दिसते. शीर्षककवितेत ते म्हणतात की आपल्या मेंदूला पोलादासारखे जास्तच पाणी चढले असेल, तर भट्टी गरिबीची होती आणि घण मुठींचे होते, हे ध्यानात घ्या. त्याच कवितेत आईची नजर मऊ कुसळांच्या ओटच्या शेतासारखी येते. मग बालमित्र आठवतात, त्यांतला एक उपाशी मेलेला आणि कितीतरी जण युरोपच्या मातीत मिसळून गेलेले. इतकी माया आणि इतका संताप एका पानावर नांदताना मी फार थोड्या कवींत पाहिला आहे.

सगळा संग्रह मात्र या तोलाचा नाही. काही राजकीय कविता घोषणेच्या पातळीवर उतरतात, आणि टिपांअभावी तिकडचे संदर्भ आपल्या वाचकाला अडतात.

या संग्रहाला कॅनडाचा सरकारी साहित्य पुरस्कार, गव्हर्नर जनरल पुरस्कार, मिळाला नाही, तेव्हा १९७० साली टोरांटोच्या ग्रॉसमन्स टॅव्हर्न या मद्यालयात इतर कवींनी एकत्र येऊन एकॉर्न यांना ‘लोककवी’ म्हणून गौरवले. कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे गावकऱ्यांच्या पुढाकाराने भरणारी मराठी साहित्य संमेलने ज्यांनी अनुभवली आहेत, त्यांना अशा सन्मानाचे मोल वेगळे सांगायला नको. सरकारी पुरस्कारही त्यांना १९७५ साली नंतरच्या एका संग्रहासाठी मिळालाच. १९८६ साली ते शार्लटटाउनमध्येच वारले.

इंग्रजी बेताचे असले तरी अडचण नाही, कारण बहुतेक कविता छोट्या आणि शब्द रोजच्या वापरातले आहेत. सुरुवात शीर्षककवितेपासून करावी, आणि सीमाभागातील वाचनालयांनी एक प्रत अवश्य मागवून ठेवावी.