फंक्शनल इअर ट्रेनर ॲप : बेंजो पार्टीच्या कामाचं किती?

मी धुळे जिल्ह्यातल्या एका बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. सुपारी शिरपूरपासून पारोळा-अमळनेरपर्यंत कुठलीही असते, आणि वरातीत नवरदेवाचे मित्र मोबाइल नाकासमोर धरून सांगतात, "भाऊ, हाई वाजाड." गाणं परवा-तेरवा यूट्यूबवर आलेलं. नोटेशन, म्हणजे लिहिलेले स्वर, कोणाकडेच नाही. मुखडा एकदा-दोनदा ऐकायचा, सा शोधायचा, बेंजोवाल्याला पट्टी (सा कुठल्या सुरावर धरायचा ते) सांगायची आणि सुरू. म्हणून कान तयार करणारं कुठलंही ॲप मी एकाच मापाने मोजतो: वरातीत उपयोग होतो का?

अशी ॲपं पुष्कळ आहेत आणि बहुतेकांची रीत सारखीच असते. दोन स्वर वाजवतात आणि त्यांच्यातलं अंतर विचारतात. परीक्षेला ते ठीक, पण चालू गाण्यात ती मोजणी कामाची नाही. सा ते म जेवढं अंतर तेवढंच प ते तार सा (वरचा सा, म्हणजे सां). अंतर बरोबर ओळखलं तरी आपण गाण्यात नेमके कुठे उभे आहोत ते कळत नाही. आमच्या बँडमास्तरांनी कधी अंतर शिकवलं नाही. त्यांचं एकच म्हणणं, "पहिले सा धर, मंग बोटे चालाड."

फंक्शनल इअर ट्रेनर नेमकं तेच करतं, म्हणून ते माझ्या मोबाइलमध्ये टिकलं. अलेन बेनबासत यांच्या कान तयार करायच्या पद्धतीवर ते बेतलेलं आहे. आधी काही कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजतात आणि सा कानात बसतो. मग एकच स्वर वाजतो आणि तो कोणता ते बटण दाबून सांगायचं. खरी गंमत उत्तरानंतर आहे. ॲप त्या स्वरापासून चालत सा पर्यंत जातं. ग असेल तर ग रे सा. म असेल तर म ग रे सा. प असेल तर मात्र खाली न येता प ध नि सां असं वर. काही दिवसांनी स्वर ऐकल्याबरोबर पुढची वाट मनात आपोआप वाजायला लागते. नि ऐकला की सां वाजण्याआधीच कान तिकडे धावतो. ही ओढ एकदा कळली की मुखड्याचा शेवटचा स्वर सा आहे की प वर लटकलेला आहे, हे बोट लावून बघावं लागत नाही. नव्या पोरांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. ते कीबोर्डवर एकेक कळ दाबत सूर हुडकत बसतात आणि तोवर वरात पुढच्या चौकात पोहोचते.

उत्तरं डो-रे-मी मध्ये घेता येतात, आकड्यांतही. आपण सरळ आकडे घ्यावेत. एक म्हणजे सा, पाच म्हणजे प, डोक्याला ताप नाही. मेनू इंग्रजीत आहे, पण दहावीतलं पोर सहज चालवतं. पट्टीही बदलता येते, आणि बँडवाल्यांसाठी ती मोठी सोय आहे. ट्रम्पेटची एकही कळ न दाबता जो त्याचा 'सा' निघतो तो म्हणजे काळी पाच, पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी कळ. आमची गायिका काळी एकवर गाते, आणि बेंजोवाला म्हणतो पांढरी चारच धरा. एकाच पट्टीत पाठ केलेला कान अशा ठिकाणी फसतो, म्हणून पट्टी सारखी बदलत ठेवावी. ज्यांचा सगळा भरवसा कीबोर्डची पट्टी बदलणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणावर आहे त्यांनी तर नक्कीच. (बटण वाईट नाही. पण सा कुठे आहे ते कळल्याशिवाय ते दाबणार किती?)

आता जिथे ते कमी पडतं ते. त्याचा पाया कॉर्डचा, म्हणजे पाश्चात्त्य. बाराही स्वर सुरू केले की मेजरच्या (शुद्ध स्वरांच्या) कॉर्डनंतर कोमल, म्हणजे अर्धा सूर उतरलेला, रे येतो आणि तो परक्यासारखा वाटतो. आमच्याकडे बिदाईला भैरवी वाजते. तिच्यात रे ग ध नि चारही कोमल, आणि तिथे कोमल रे अगदी घरचा असतो. तो घरचेपणा कॉर्डवर येत नाही, त्याला तंबोराच हवा. मी तंबोऱ्याचं ॲप लावतो आणि मुलाला हार्मोनियमवर एकेक कोमल स्वर दाबायला सांगतो. ओळखायचं काम माझं. हा सराव गावठी आहे, पण कोमल स्वर त्यानेच पक्के झाले. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तंबोऱ्यात ऐकू येणारा ग कीबोर्डच्या ग पेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. (सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग.) बेंजो आणि कीबोर्डवाल्यांना त्याने फरक पडत नाही. गाणाऱ्याने मात्र फक्त ॲपवर कान घडवू नये.

आणि नोटेशन वाचून गाणं? मी करतो त्या सरावात तोंड उघडावंच लागत नाही, बटण दाबलं की झालं. इथे आवाज ऐकून नाव सांगायचं असतं. वाचताना उलटं होतं, चिन्ह बघून आवाज मनात आणायचा. एक जमलं म्हणजे दुसरं जमलं असं नाही. पार्टीतल्या ज्याला नोटेशन वाचता येतं त्याला मास्तर स्टुडिओच्या कामालाही नेतात, तेव्हा हे सोडून चालत नाही.

त्याला उपाय वहीचाच. बँडच्या वह्यांत सरगम लिहिलेली असते, पण निम्म्या वह्यांत मात्रांचा पत्ता नसतो. सा सा रे ग एवढंच, कोणता स्वर किती लांब ते मास्तरांच्या डोक्यात. त्यापेक्षा स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीची चिन्हं एकदा नीट शिकून घ्यावीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारला वर टिंब, लांबवायला स्वरापुढे आडवी रेघ, आणि एका मात्रेत दोन-तीन स्वर असले की खाली चंद्रकोर. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी पोरं यात आमच्या पुढे असतात. त्यातली बरीच मात्र पाठ केलेलं म्हणतात. बंदिशीची मधली ओळ काढून दिली की थांबतात. वाचायचंच असेल तर अनोळखी ओळ घ्यावी, हाताने ताल धरून आठ मात्रा गाव्यात आणि मगच पेटीवर पडताळाव्यात. पेटी आधी वाजवली की ते वाचन राहत नाही.

पाचपैकी माझे साडेतीन. कान धरायच्या कामात याच्याइतकं सरळ दुसरं मला सापडलं नाही. दीड गुण भैरवीचा आणि वाचनाचा कापला. ज्यांचं सगळं गाणं तंबोऱ्यावर आहे त्यांनी गुरूकडेच जावं. आमच्यासारख्या वाजवणाऱ्यांनी जरूर घ्यावं.

तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू होतात. नव्या पोरांनी दिवाळीच्या आधीच हात घालावा: आकडे निवडा, पट्टी काळी पाच, सुरुवातीला सा रे ग म एवढेच चार स्वर. बटण दाबण्याआधी उत्तर तोंडाने गाऊन बघा, ॲप मागत नसलं तरी. चारही स्वर न अडखळता यायला लागले की प ध नि जोडा आणि पट्टी काळी एकला न्या.