पैसे भरून उडी मारावी की पहिल्यापासून खेळावं?

माझा मावसभाऊ डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जातो. येऊन-जाऊन तीन तास लोकलमध्ये. रात्री दहानंतर जो तासभर उरतो, त्यात तो ‘फायनल फँटसी १४’ हा ऑनलाइन खेळ खेळतो, कारण ऑफिसातले तिघे तिथे असतात. ते १०० व्या लेव्हलला, हा लेव्हलच्या विशीत, तोही फ्री ट्रायलवर. परवा फोनवर म्हणाला, “दादा, पैसे भरून थेट त्यांच्याकडे जाऊ का?”

‘स्किप’, म्हणजे पैसे भरून मारायची उडी, या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात: पात्राची लेव्हल आणि मागची कथा. या खेळात २०१७ पासून दोन्ही मिळतात, पण वेगवेगळ्या.

लेव्हलच्या उडीबद्दल माझं फारसं भांडण नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळाने २०१४ मध्ये ९० व्या लेव्हलचं पात्र ६० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेतीन हजारांवर, विकायला काढलं. ज्याने एक पात्र शेवटपर्यंत नेलंय, त्याला दुसऱ्यासाठी तीच रानडुकरं पुन्हा का मारायला लावायची? नवख्याचं मात्र वेगळं. एका खेळात मी हिलरची, म्हणजे सोबत्यांना बरं करणाऱ्या पात्राची, अशी उडी घेतली होती. स्क्रीनवर तीसेक बटणं, कुठलं कशाचं ते कळेना. पहिल्याच डंजनमध्ये, म्हणजे टोळीने उतरायच्या भुयारात, सगळी पार्टी दोनदा आडवी झाली. कोणी शिवी दिली नाही, निमूटपणे निघून गेले. ते जास्त लागलं.

कथेची उडी मला महाग वाटते, आणि इथे मी पैशांबद्दल बोलत नाहीये. ‘फायनल फँटसी’त पुढचा प्रत्येक विस्तार, म्हणजे नंतर आलेला नवा भाग, आधीची मुख्य कथा पुरी केल्याशिवाय उघडत नाही. २०१३ पासूनची माणसं, त्यांची भांडणं, त्यांची मरणं पुढे उपयोगाला येतात. उडी मारलीत तर कोणीतरी तुमच्या गळ्यात पडून रडेल आणि तुम्ही विचाराल, ही बाई कोण?

उलट बाजूही खरी आहे. सुरुवातीचा भाग रटाळ होता, नुसती निरोप्याची कामं. २०२० मध्ये कंपनीनेच तो छाटला. त्याच वर्षी वॉरक्राफ्टने कमाल लेव्हल १२० वरून ६० वर आणली आणि जुन्या खेळाडूला हवा तो एक विस्तार निवडून वर चढायची सोय दिली. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. कंटाळा तसाच ठेवून त्यातून सुटकेचं तिकीट विकणं म्हणजे स्वतःच खड्डा खणून वर शिडी भाड्याने देणं. (‘डेस्टिनी २’ने तर २०२० मध्ये आपली मूळ कथाच काढून टाकली. तिथे ती वगळायचा प्रश्नच उरला नाही.)

‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने २०१६ मध्ये तिसरी वाट काढली: शत्रू तुमच्या बेताचे, जा कुठेही. मित्रांबरोबर पहिल्याच दिवशी खेळता येतं. पण कथेचा क्रम तुमचा तुम्ही सांभाळायचा.

म्हणून माझं मत: उडीला परवानगी असावी, पण एक पात्र खेळून झाल्यावर. पहिल्याच पात्राला कथेची उडी विकूच नये.

भावाला मी वेगळं सांगितलं. ट्रायल ७० व्या लेव्हलपर्यंत फुकट आहे. एकदा खेळ विकत घेतला की ट्रायलवर परत येता येत नाही आणि पुढे महिन्याची वर्गणी सुरू होते. तेव्हा घाई कशाला? या खेळात वरच्या लेव्हलचा खेळाडू जुन्या डंजनमध्ये आला की त्याची ताकद आपोआप खाली येते, आणि रोजच्या रूलेटमधून, म्हणजे खेळच कुठल्यातरी डंजनमध्ये टाकतो त्या सोडतीतून, आला तर बक्षीसही मिळतं. म्हणूनच जुने डंजन ओस पडत नाहीत. ट्रायलवाल्याला पार्टी बनवता येत नाही, पण बोलावलं तर जाता येतं.

डंजनची पार्टी चौघांची असते. ते तिघे आहेत. म्हटलं, त्यांनाच सांग, खाली या.