लग्नासाठी आलिशान गाडी: मुंबईहून मागवावी, जवळच्या शहरातून घ्यावी, की मुंबईतच जाऊन चालवावी?

लग्नाच्या याद्या होऊन हॉल आणि आचारी ठरला की खान्देशातल्या घरांत पुढचा विषय नवरदेवाच्या गाडीचा निघतो, आणि अलीकडे तो फॉर्च्युनरवर थांबत नाही. मर्सिडीज, ऑडी, जग्वार, क्वचित दोन दारांची लॅम्बोर्गिनी अशी नावे पुढे येतात, कोणीतरी मोबाईलवर मुंबईच्या जाहिराती दाखवतो आणि आगाऊ रक्कम पाठवण्याची घाई सुरू होते. गेल्या काही वर्षांत नात्यातल्या तीन लग्नांत, एक जळगावात, एक चाळीसगावात आणि एक धरणगावजवळच्या खेड्यात, गाडी ठरवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यातून झालेले मत आधीच सांगतो: आपल्याकडच्या लग्नासाठी जवळच्या मोठ्या शहरातून चालकासह आणलेली प्रशस्त सेडान किंवा उंच एसयूव्ही हाच योग्य पर्याय आहे, आणि ज्याला सुपरकारची खरोखर हौस आहे त्याने ती गाडी खान्देशात न आणता स्वतः मुंबईला जावे.

या मताचे पहिले कारण रस्ता हे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, म्हणजे चाक हळूहळू चढून हळूहळू उतरते. प्रत्यक्षात गावाच्या वेशीवर किंवा शाळेसमोर ग्रामस्थांनी घातलेला गतिरोधक त्याहून उंच, अरुंद आणि खड्या चढाचा असतो. सुपरकारचे पोट जमिनीपासून साधारण १२ ते १३ सेंटिमीटरच वर असते आणि पुढच्या बंपरचा खालचा ओठ चाकाच्या बराच पुढे आलेला असतो. काही गाड्यांना बटण दाबून नाक थोडे वर उचलण्याची सोय असते, परंतु तीही अशा गतिरोधकाला पुरत नाही. धरणगावजवळच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांच्या आग्रहाखातर अशीच एक बुटकी गाडी आली होती. वेशीच्या कमानीखालच्या गतिरोधकावर ती अडकली, तेव्हा मुलांनी मांडवाच्या फळ्या आणून चाकांखाली घातल्या, आणि बाजूला उभे असलेले एक म्हातारे बाबा कळवळून ओरडले, "भाऊ, गाडीनं पोट घासाई राहिनं!" वाजंत्री थांबली, मुहूर्त जवळ आला आणि नवरदेवाला शेवटी काकांच्या बोलेरोतून मारुतीच्या देवळात न्यावे लागले.

उंचीचा प्रश्न आत बसणाऱ्यालाही भेडसावतो. लॅम्बोर्गिनी हुराकानची एकूण उंची अवघी सव्वा मीटरच्याही आत, म्हणजे उभ्या माणसाच्या कंबरेच्या थोडी वर भरते. डोक्यावर फेटा, अंगात शेरवानी आणि हातात कट्यार असलेला नवरदेव तिच्यात बसताना फेटा आधी काढून मांडीवर घ्यावा लागतो, आणि उतरताना एक हात जमिनीकडे टेकवून बाहेर यावे लागते. नववधूचा शालू आणि दागिने लक्षात घेतले तर ही कसरत आणखी अवघड होते. शिवाय जागा दोनच, त्यामुळे पाठीमागे करवली किंवा धाकटा भाऊ बसवण्याची सोय नाही. याउलट भारतात विकली जाणारी मर्सिडीज ई-क्लास लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली असते, २०२४ पासून बीएमडब्ल्यूची ५ सिरीजही तशीच मिळते, आणि या गाड्यांत मागच्या आसनावर शालू पसरून बसायला पुरेशी जागा असते. घरात गुडघ्याच्या दुखण्याने त्रासलेले आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी मी टोयोटा वेलफायर सुचवीन, कारण तिचे मागचे दार सरकून उघडते, पायरी सोयीची असते आणि वाकून बसावे लागत नाही. फोटोत ती लॅम्बोर्गिनीसारखी दिसणार नाही, मात्र त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना खरा सन्मान तिच्यातच वाटतो.

तिसरी गोष्ट उन्हाची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नाच्या तिथी दाट असतात. वरात तासाला दोन-तीन किलोमीटरच्या वेगाने सरकते, पुढे नाचणारी मंडळी दर २० पावलांवर थांबतात, आणि गाडीला तासभर थांबत-सरकत चालावे लागते. वेगासाठी बनवलेल्या गाडीला थंड होण्यासाठी समोरून वाहणारा वारा लागतो, शिवाय तिचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स अशा सरपटण्याने तापतो. साध्या टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या ऑटोमॅटिक सेडानला हा ताण फारसा जाणवत नाही. सनरूफमधून नवरदेवाने उभे राहून हात हलवण्याची पद्धत मात्र कोणत्याही गाडीत ठेवू नये, कारण चालकाने अचानक ब्रेक लावला तर पोट आणि छाती थेट छताच्या धारेवर आपटते.

गाडी कुठून आणायची हा पैशाचा मुख्य प्रश्न आहे, आणि त्यासाठी दर कसा लागतो हे समजून घ्यावे लागते. शहरातल्या शहरात '८ तास, ८० किलोमीटर' असे पॅकेज असते, तर बाहेरगावच्या फेरीला दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरले जातात, मग गाडी तेवढी चालो वा न चालो. किलोमीटर गॅरेज ते गॅरेज मोजतात, म्हणजे तुमच्या दारी येण्याचा रिकामा प्रवासही तुमच्याच बिलात येतो. दिवस बहुतेक ठिकाणी रात्री १२ वाजता बदलतो, त्यामुळे वरात साडेअकराला संपली की साडेबाराला यावर दुसऱ्या दिवसाचे पैसे अवलंबून असतात. चालकाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल आणि जीएसटी हे वेगळे लागतात.

हिशेब सोपा जावा म्हणून किलोमीटरला १०० रुपये आणि दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरू. मुंबई ते जळगाव सुमारे ४२० किलोमीटर आहे. गाडी आदल्या दिवशी निघून कसारा घाट, नाशिक, धुळे करत येईल, लग्नाच्या दिवशी गावात फिरेल आणि तिसऱ्या दिवशी परत जाईल. प्रत्यक्ष धाव ८८० किलोमीटरच्या आसपास भरेल, परंतु तीन दिवसांचे किमान म्हणून ९०० किलोमीटरचे, म्हणजे ९०,००० रुपयांचे बिल लागेल. छत्रपती संभाजीनगर ते जळगाव अंतर साधारण १६० किलोमीटर आहे. तिथून पहाटे निघालेली गाडी सकाळचे लग्न आणि दुपारची पाठवणी उरकून त्याच रात्री परत गेली, तर ३५० किलोमीटरांचे ३५,००० रुपये होतील. लग्न संध्याकाळचे असेल आणि मुक्काम पडणार असेल तर दोन दिवसांचे किमान ६०० किलोमीटर, म्हणजे ६०,००० रुपये. हे आकडे निव्वळ हिशेबाचे आहेत, परंतु एकाच दर्जाच्या गाडीसाठी पडणारा फरक त्यातून नीट कळतो.

संभाजीनगरचे नाव मी उगाच घेत नाही. ऑडीच्या गाड्यांची जुळणी तिथल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होते, आणि २०१० मध्ये त्या शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी तब्बल १५० मर्सिडीज विकत घेतल्या होत्या. अशा गाड्या जिथे अनेक वर्षे वापरात आहेत, तिथे त्या हाताळणारे चालक आणि दुरुस्ती करणारे कारागीरही सापडतात. चाळीसगावकरांसाठी तर कन्नडच्या औट्रम घाटातून ते शहर १०० किलोमीटरच्या आत आहे, मात्र पावसाळ्यात या घाटावर दरडींचा धोका असतो. धुळेकरांनी नाशिक आधी पाहावे, कारण रस्ता चौपदरी आहे आणि अंतर १६० किलोमीटरच्या आसपास आहे. नंदुरबार आणि नवापूरच्या लोकांना सुरत सर्वांत सोयीचे पडते. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे की नाही हे मात्र सुरतच्या बाबतीत आवर्जून पाहावे, नाहीतर सीमेवर लग्नाच्या दिवशी सकाळी कराची पावती काढत बसावे लागेल. जळगावहून इंदूर २६० किलोमीटर आहे आणि तोही पर्याय विचारात घेता येतो, पण मी तो अजमावलेला नाही.

गाडी पाहायला गेल्यावर बॉनेटवरच्या चिन्हाआधी नंबर प्लेटकडे पाहावे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती चालकासह भाड्याने देण्याची टॅक्सी आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी, आणि तो व्यवसाय १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली चालतो, ज्यात परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असाव्या लागतात. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते, व्यावसायिक असेल तर तिच्यावरची अक्षरे पिवळी आणि खासगी असेल तर पांढरी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी, आणि महागड्या गाड्यांच्या जाहिरातींमध्ये हीच पाटी वारंवार दिसते. मालक गोड बोलतो, भाडेही कमी सांगतो. परंतु परवान्याविना भाडे घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ चा भंग आहे, त्यासाठी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याहून गंभीर बाब विम्याची आहे. खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने वापरू नये अशी अट असते, त्यामुळे वरातीत कोणाच्या पायावरून चाक गेले किंवा समोरून धडक बसली तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि लाखोंचा बोजा दोन घरांमध्ये वादाचे कारण होतो. गाडीचा क्रमांक एम-परिवहन ॲपवर टाकला की नोंदणीचा प्रकार, विम्याची मुदत आणि फिटनेस पाच मिनिटांत दिसतात. ही पाच मिनिटे आगाऊ रक्कम पाठवण्याआधी द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्वतः चालवायची की चालकासह घ्यायची, यावर लग्नापुरते फार बोलण्याची गरज नाही. आदल्या रात्री हळदीत जागलेल्या भावाच्या किंवा मित्राच्या हाती अनोळखी आणि महागडी गाडी देऊ नये. स्वतः चालवण्याच्या गाडीला मोठी अनामत लागते, वेगावर उपग्रहामार्फत नजर असते आणि रोजच्या किलोमीटरची मर्यादा ओलांडली की जादा दर लागतो. जोडप्याला लग्नानंतर चार दिवस निवांत फिरायचे असेल तेव्हा हा पर्याय चांगला आहे.

अनामतीचा विषय निघाला म्हणून धरणगावची उरलेली गोष्ट सांगतो. त्या बुटक्या गाडीसाठी आम्ही ५०,००० रुपये अनामत भरली होती आणि परत मिळाले २८,०००. पुढच्या ओठाखालचे ओरखडे आमचेच होते, ते मी मान्य केले. परंतु उजव्या मागच्या रिमवरची खरवड आणि आसनाच्या शिवणीवरचा डाग आधीचे होते, आणि ते सिद्ध करायला आमच्याकडे काहीही नव्हते. तेव्हापासून गाडी दारात आली की हार घालण्याआधी मी मोबाईलचा टॉर्च लावून तिच्याभोवती एक सलग चित्रफीत घेतो: चारही रिम, पुढच्या ओठाची खालची कड, दारांच्या कडा, आरसे, आसने, आणि शेवटी किलोमीटरचा आकडा. चालकालाही त्या चित्रफितीत उभे करतो. सजावट करणाऱ्याला चिकटपट्टी लावू देत नाही, कारण ती ओढून काढताना रंगावरचा संरक्षक थर निघतो. सक्शन कप आणि मऊ दोरी पुरते. गुलाबाच्या काड्या, हळदीचे हात आणि गुलाल हे फिकट चामड्याच्या आसनांचे शत्रू आहेत, म्हणून मागच्या आसनावर धुतलेली पांढरी चादर आधीच अंथरावी. नारळ गाडीसमोर फोडावा, पण चाकापासून चार हात लांब, कारण करवंटीचा तुकडा महागड्या पातळ टायरच्या बाजूत शिरला तर वेळेवर तसा टायर आपल्याकडे मिळत नाही.

आता सुपरकारची हौस. ती हौस मला मान्य आहे, आणि ती भागवण्याची जागा मुंबई आहे. हुराकानचे ५.२ लिटरचे, १० सिलिंडरचे इंजिन मागे गर्जत असताना सागरी किनारा मार्गाच्या बोगद्यातून जाण्याचा अनुभव वरातीत मिळत नाही. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला आणि त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे; सागरी मार्गावर सरळ भागात ती ८० आहे. म्हणजे ३०० च्या पुढे पळणारी गाडीही तुम्हाला तिसऱ्या हिश्श्याच्या वेगानेच चालवायची आहे, हे मनाशी पक्के करून जावे. तरीही आवाज, बसण्याची ठेवण आणि स्टिअरिंगचा नेमकेपणा त्या वेगातही पुरेपूर कळतो. रविवारी सकाळी लवकर, दोन-तीन तासांसाठी, परवाना असलेल्या व्यावसायिकाकडून गाडी घ्यावी, शेजारी त्यांचा माणूस बसत असेल तर बसू द्यावा, आणि पेट्रोल कोणाचे हे आधी विचारावे, कारण अशी गाडी शहरात लिटरला पाच-सहा किलोमीटरच देते आणि तिला किमान ९५ ऑक्टेनचे इंधन लागते.

जुन्या पद्धतीची उघडी व्हिंटेज गाडी फोटोपुरती सुंदर दिसते, पण ती सहसा ट्रकवर लादून आणावी लागते आणि मे महिन्याच्या दुपारी तिच्यात बसणे नवरीला शिक्षाच होते. डिसेंबरच्या संध्याकाळी ठीक.

गाडी ठरली की मुख्य अटी एका कागदावर लिहून घ्याव्यात: गाडीचा नेमका क्रमांक, ती ऐनवेळी न आल्यास कोणती पर्यायी गाडी येईल, किती तास, किती किलोमीटर, दिवस कधी बदलतो, अनामत किती दिवसांत परत मिळेल. उन्हाळी तिथींना मागणी मोठी असल्याने हे काम दोन महिने आधी करावे. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या एका जाणत्या माणसाने घर, देऊळ, हॉल हा मार्ग दुचाकीवरून फिरून प्रत्येक गतिरोधक, उघडी गटार आणि मांडवाच्या दोऱ्या पाहून याव्यात, आणि सकाळी गाडी आल्यावर चालकाच्या शेजारी बसून त्याला तोच मार्ग एकदा दाखवावा.