एथर ४५०एक्स : नव्वदचा वेग आणि पहिले वीस मीटर

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या जाहिरातीत कमाल वेगाचा आकडा सर्वांत ठळक असतो. ३.७ किलोवॉट-तास क्षमतेच्या बॅटरीची, २०२२ मध्ये आलेली तिसऱ्या पिढीची एथर ४५०एक्स ताशी ९० किलोमीटरपर्यंत जाते. पण त्या वेगाने दुचाकी कायदेशीरपणे चालवता येईल असा सार्वजनिक रस्ता आपल्या देशात नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल मर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर ताशी ८० आणि शहरांच्या हद्दीत ६० किलोमीटर आहे. स्थानिक प्रशासनाला ती आणखी खाली आणता येते, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणून या गाडीची पारख नव्वदवर करण्यापेक्षा शून्य ते चाळीसच्या दरम्यान करणे मला अधिक योग्य वाटते.

कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ही गाडी ३.३ सेकंदांत ताशी ४० चा वेग गाठते. पेट्रोल स्कूटरची मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाज आधी वाढतो, क्लच पकड घेतो आणि मग गाडी पुढे सरकते. या दिरंगाईची आपल्या मनगटाला वर्षानुवर्षांची सवय असते. इथे २६ न्यूटन-मीटरचा जोर पहिल्या क्षणापासून हाताशी असतो. सिग्नल सुटल्यानंतर जेमतेम वीस मीटरांत, म्हणजे पुण्याच्या कर्वे रस्त्यावरचा एखादा उशिरा निघालेला पादचारी अजून पलीकडे पोचलेलाही नसताना, गाडी चाळीसवर असते आणि तिचा आवाज जवळजवळ नसतो. रस्ता ओलांडणारी माणसे आपल्याकडे डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवतात, आणि या गाडीपुढे त्यांचे कान उपयोगी पडत नाहीत. पहिले काही दिवस हॉर्नवर अंगठा ठेवूनच चालवावे लागते, जे मला स्वतःला फारसे आवडत नाही.

यावरचा उपाय गाडीतच आहे. ‘वॉर्प’ या सर्वांत आक्रमक मोडखाली स्पोर्ट, राइड, इको आणि स्मार्टइको असे मोड आहेत. गर्दीच्या पेठांत स्मार्टइको पुरेसा आहे, त्यात पिकअप सौम्य राहतो आणि बॅटरीही वाचते. ‘वॉर्प’चा प्रामाणिक उपयोग मला एकच दिसला : महामार्गावर मालमोटारीला मागे टाकताना तिच्या शेजारी रेंगाळावे लागत नाही. शहरात मात्र तो मोड म्हणजे मोहाचे बटण आहे.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. पुढे २०० आणि मागे १९० मिलिमीटरची डिस्क आहे, आणि डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना तो लागतो. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा मात्र नाही. हे महत्त्वाचे अशासाठी, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी जोराचा ब्रेक धरला, तर चाळीसवरून थांबायला साधारण २३ मीटर लागतात, साठवरून ४५ आणि ऐंशीवरून ७० मीटरांच्या वर. पावसाळ्यात हे आकडे आणखी वाढतात. २०२५ च्या आवृत्तीत ट्रॅक्शन कंट्रोल आले, ते स्वागतार्हच आहे. पण वेग घेताना मागचे चाक जागच्या जागी फिरू न देणे एवढेच त्याचे काम आहे, ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणे हे त्याचे काम नव्हे. दोन्हींची गल्लत विक्रीच्या गप्पांत सर्रास होते.

आणखी एक बारकावा उतारावर कळतो. मूठ सोडली की मोटर उलट वीज निर्माण करते आणि गाडी आपोआप मंदावते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर वीज साठवायला जागा नसल्यामुळे हा अडसर कमी होतो. त्यामुळे घाटमाथ्यावर राहणाऱ्याने रात्रभर पूर्ण चार्ज करून सकाळी थेट उताराला लागताना ब्रेकवर अधिक विसंबावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

बॅटरीच्या आगींची धास्ती २०२२ मधल्या घटनांनंतर सर्वच कंपन्यांच्या गाड्यांना चिकटली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे निकष डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले, म्हणून जुनी गाडी घेताना कोणत्याही कंपनीची असली तरी उत्पादनाचा महिना पाहावा.

इतका जोर नकोच असेल, तर २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाड्यांना परवाना व नोंदणी लागत नाही. मात्र त्यांचे वेगमर्यादेचे ‘लॉक’ काढून वेग वाढवून देणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नये, कारण त्या क्षणी ती गाडी विनानोंदणीचे मोटार वाहन ठरते.

४५०एक्स मी प्रौढ, सवयीच्या चालकाला निःशंक सुचवीन, नुकताच परवाना मिळालेल्या मुलाला नाही. चाचणी फेरी घेताना मागे कुणाला तरी बसवून घ्यावे आणि मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून एकदा पूर्ण ब्रेक दाबून पाहावा. हेल्मेट तेव्हाही घालावे, पुण्यात असलात तरी.