स्वभावासाठी इंग्रजी शब्द शोधताना: ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीजची साइट कितपत कामाची?

नोकरीची मुलाखत, विद्यार्थ्याचं शिफारसपत्र, प्रगतिपुस्तकातला शेरा, लग्नाचा बायोडेटा. माणसाच्या स्वभावाबद्दल इंग्रजीत लिहायची वेळ येते ती बहुतेक अशा ठिकाणी. तिथे शब्दाचा नुसता अर्थ कळून भागत नाही. तो शब्द कौतुकाचा आहे की नावं ठेवण्याचा, हेही कळावं लागतं. भाषांतराचं ॲप एका शब्दाला एक प्रतिशब्द देऊन मोकळं होतं. ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज ही मोफत साइट मात्र नेमकं हेच सांगते, म्हणून या कामासाठी आमची पहिली पसंती तिलाच.

हा कोश मुळातच इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांसाठी झाला. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये शिकवत होते, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी केलेला कोश 1942 साली निघाला आणि ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये छापला. म्हणून व्याख्या आजही सोप्या शब्दांत असतात.

खरी किंमत आहे ती व्याख्येच्या आधी कंसात येणाऱ्या छोट्या खुणेला. ‘थ्रिफ्टी’पुढे ‘अप्रूव्हिंग’ असतं, म्हणजे काटकसरी, कौतुकाने. ‘चाइल्डलाइक’ म्हणजे निरागस, ‘चाइल्डिश’ म्हणजे मोठ्या माणसाचा पोरकटपणा. पहिल्याला मान, दुसऱ्याला नापसंती, आणि दोन्ही खुणा स्पष्ट दिसतात. ‘बॉसी’ म्हणजे हुकूम गाजवणारा, तो सरळसरळ ‘डिसअप्रूव्हिंग’, म्हणजे नापसंतीचा. ‘स्टबर्न’पुढे ‘बऱ्याचदा नापसंतीने’ अशी खूण आहे. विद्यार्थी चिकाटीचा आहे असं सांगताना शिफारसपत्रात हा शब्द घातला, तर वाचणाऱ्याला तो हेकट वाटणार. तिथे ‘डिटर्मिन्ड’ हवा. ‘पर्सिस्टन्ट’सुद्धा जपून वापरावा, कारण समोरच्याला वैताग येईपर्यंत पिच्छा न सोडणारा, ही छटा त्याला चिकटलेली आहे.

आपल्याकडच्या बायोडेटातला लाडका शब्द ‘होमली’. ब्रिटिश वापरात तो बाईबद्दल चांगल्या अर्थाने येतो: मायाळू, घरात रमणारी. अमेरिकन वापरात मात्र तो दिसण्याबद्दल बोलतो आणि ‘दिसायला बेताची’ असं सांगतो. साइटवर दोन्ही अर्थ आपापल्या देशाच्या खुणेसह दिलेले आहेत. न्यू जर्सीच्या स्थळाला बायोडेटा पाठवायच्या आधी ही नोंद मुलीच्या आईवडिलांनी जरूर पाहावी. ‘फॅमिली-ओरिएंटेड’ लिहिलं की प्रश्नच मिटतो. ‘सिंपल’चंही तसंच. आपल्याला साधा, निगर्वी म्हणायचं असतं, पण माणसाबद्दल या शब्दाला ‘बुद्धीने मंद’ असाही अर्थ आहे. ‘डाउन-टू-अर्थ’ किंवा ‘अनअज्युमिंग’ घ्या. दोन्हींपुढे कौतुकाची खूण आहे.

शब्द तपासताना क्रम असा ठेवावा. आधी खूण. मग देशाची आणि काळाची नोंद: ब्रिटिश, अमेरिकन, अनौपचारिक, जुनाट. ‘मीन’ म्हणजे दुष्ट, पण ब्रिटनमध्ये कंजूषही. ‘स्टक-अप’, म्हणजे शिष्ट, हा अनौपचारिक, म्हणून पत्रात नको. मग ठळक अक्षरांतला सांगाडा, म्हणजे शब्दापुढे कोणता शब्दयोगी येतो ते: ‘काइंड टू’, ‘पेशंट विथ’, ‘जेलस ऑफ’. मराठीतल्या ‘शी’, ‘वर’, ‘चा’वरून अंदाजाने शब्दयोगी निवडला की इथेच घसरायला होतं. त्यानंतर ‘एक्स्ट्रा एक्झाम्पल्स’ आणि ‘कोलोकेशन्स’ची घडी उघडावी, सोबत कोणती क्रियापदं आणि क्रियाविशेषणं येतात ते कळतं. ‘अ बिट शाय’ चालतं, ‘अ बिट ऑनेस्ट’ कानाला खटकतं, कारण ‘अ बिट’ बहुतेक वेळा उण्या गुणाआधी येतो. शेवटी स्पीकरचं चिन्ह दाबून उच्चार ऐकावा. ‘डिटरमाइन्ड’ नव्हे, ‘डिटर्मिन्ड’. ‘नेव्ह’ नव्हे, ‘नाइईव्ह’. मुलाखतीत हे लक्षात येतं.

वाक्प्रचार शोधायला थोडा सराव लागतो. ते मुख्य शब्दाच्या नोंदीत तळाशी असतात, म्हणून ‘चिप ऑन युअर शोल्डर’साठी ‘चिप’ उघडावं. जुन्या अन्यायाची सल धरून चटकन दुखावणाऱ्या माणसाला तो लावतात. ‘फुल ऑफ युअरसेल्फ’ म्हणजे स्वतःच्याच कौतुकात बुडालेला. बऱ्याच नोंदींत ‘पर्सनल क्वालिटीज’ हा विषयाचा दुवा असतो. त्यावरून स्वभावाच्या शब्दांची पातळीनुसार यादी उघडते. शिकवणाऱ्यांना ही फार उपयोगाची.

आता उणिवा. एकाच गुणाची चढती पायरी इथे नीट कळत नाही. काटकसरी, हात आखडता असलेला, चिक्कू, महाकंजूष यांसाठी ‘थ्रिफ्टी’, ‘टाइट-फिस्टेड’, ‘स्टिंजी’, ‘मायझर्ली’ हे शब्द वेगवेगळ्या नोंदींत विखुरलेले आहेत. त्यासाठी लाँगमन या दुसऱ्या इंग्रजी कोशाची मोफत साइट बरी, तिथल्या थिसॉरस चौकटीत जवळचे शब्द शेजारी शेजारी ठेवून फरक सांगितलेला असतो. ‘ही इज रूड’ म्हणजे स्वभावच उद्धट आणि ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे आत्ता उद्धट वागतोय, हा आपल्याला फार लागणारा फरकही विशेषणाच्या नोंदीत ठसठशीत मिळत नाही. तो व्याकरणाच्या पुस्तकातच पाहावा लागतो.

सगळ्यात मोठी अडचण मराठीकडून इंग्रजीकडे जाताना येते. भिडस्त, खवचट, आतल्या गाठीचा, साळसूद: हे शब्द या साइटवर टाइप करून काहीच मिळणार नाही. तेव्हा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोफत शोधता येते. पण त्यातलं इंग्रजी दीडशेहून जास्त वर्षं जुनं. म्हणून तिथे सापडलेला प्रत्येक शब्द ऑक्सफर्डच्या साइटवर पुन्हा टाकून ‘ओल्ड-फॅशन्ड’ची खूण आहे का ते पाहावं. ‘आतल्या गाठीचा’ला ‘सीक्रेटिव्ह’ बऱ्यापैकी बसतो. ‘खवचट’ बोलण्याला ‘स्नाइड’ जवळचा. ‘भिडस्त’ला मात्र एकच शब्द शोधत बसू नये, ‘फाइंड्स इट हार्ड टू से नो’ असं सरळ वाक्य लिहावं.