वंशशोधाची डीएनए चाचणी आणि कागदपत्रांचे सदस्यत्व : अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझे पती अमेरिकन आहेत. त्यांच्या आईच्या घराण्याचा शोध घेण्यासाठी आम्ही एका मोठ्या वंशशोध कंपनीची डीएनए चाचणी आणि जुन्या कागदपत्रांचे वार्षिक सदस्यत्व घेतले. शोधाचे काम आवडीमुळे माझ्याकडे आले आणि गेले कित्येक महिने मी ही सेवा जवळजवळ रोज वापरत आहे. माझे मत आधीच सांगते : जाहिरातीत सर्वांत ठळकपणे दाखवला जाणारा टक्केवारीचा रंगीत नकाशा हा या सेवेचा सर्वांत कमी भरवशाचा भाग आहे. पैसे मोजावेत ते नातेवाइकांच्या जुळणीयादीसाठी आणि जनगणनेच्या मूळ पानांसाठी. या दोन गोष्टी नसत्या, तर आमच्या हाती एक अनपेक्षित आकडा आणि त्याभोवतीचे तर्कवितर्क एवढेच राहिले असते.

सासूबाईंच्या माहेरी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. त्यांचे आजोबा व्हर्जिनियातून ओहायोत आले, ते सावळे होते, आणि त्याचे कारण म्हणजे त्यांची आई चेरोकी, म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या एका जमातीतली, होती, अशी ती गोष्ट. घरात कोणालाही तिच्याबद्दल शंका नव्हती. सासूबाईंच्या चाचणीचा अहवाल आला तेव्हा त्यात अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा अंश शून्य होता, आणि नायजेरिया, कॅमेरून-काँगो, बेनिन-टोगो अशा नावांच्या प्रदेशांखाली मिळून ९ टक्के आफ्रिकी वंश दाखवला होता. सासूबाईंना पहिल्यांदा वाटले की प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाली असावी. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांनी, स्वतःहून चाचणी करून घेतली. त्यांच्या अहवालात तोच अंश १३ टक्के निघाला.

सख्ख्या भावंडांचे आकडे वेगळे आले म्हणून चाचणी खोटी ठरत नाही, हे इथे सांगायला हवे. प्रत्येक अपत्याला आईवडिलांकडून निम्मा-निम्मा डीएनए मिळतो, पण कोणता निम्मा ते दर वेळी नव्याने ठरते. त्यामुळे पणजोबा-पणजीपैकी प्रत्येकाकडून सरासरी साडेबारा टक्के वाटा येत असला, तरी प्रत्यक्षात तो कमी-जास्त होतो. टक्केवारी ज्या पद्धतीने काढतात तिचीही मर्यादा आहे. कंपनी आपला नमुना शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांशी नव्हे, तर ज्यांची मुळे एखाद्या प्रदेशात खोलवर आहेत अशा आजच्या लोकांच्या संदर्भगटांशी ताडून पाहते, आणि संदर्भगट बदलला की उत्तरही बदलते. आमच्या वापराच्या काळात कंपनीने हिशेब सुधारला, तेव्हा सासूबाईंचा ९ टक्क्यांचा आकडा ७ वर आला आणि एका प्रदेशाचे नाव यादीतून नाहीसेच झाले. आफ्रिकी वंश आहे, हा निष्कर्ष मात्र दोन्ही वेळा कायम राहिला. खंडाच्या पातळीवरचे निदान बरेच पक्के असते, देशाच्या पातळीवरचे तितके नसते, आणि एकट्या-दुकट्या १ टक्क्यावर काहीही उभारू नये. शिवाय हा वंश घराण्यात कधी आणि कोणाच्या द्वारे आला, याचे उत्तर टक्केवारी देऊच शकत नाही.

ते उत्तर जुळणीयादीने दिले. आपल्याशी डीएनएचे तुकडे जुळणारे इतर ग्राहक या यादीत दिसतात आणि प्रत्येकापुढे किती सेंटिमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजण्याचे एकक) सामाईक आहेत ते लिहिलेले असते. आईबाप आणि मुलांमध्ये हा आकडा साधारण ३,४०० असतो, चुलत-मामे-आते-मावसभावंडांमध्ये सरासरी ८५० च्या आसपास, आणि ज्यांचे पणजोबा-पणजी एकच आहेत त्यांच्यात सुमारे २३०. सासूबाईंच्या यादीत व्हर्जिनियातील एका कृष्णवर्णीय बाईंचे नाव २०० हून थोड्या अधिक सेंटिमॉर्गनसह होते. इतकी मोठी जुळणी योगायोगाने होत नाही. ‘सामाईक जुळण्या’ हे बटण दाबल्यावर त्या बाईंशी आणि सासूबाईंशी एकाच वेळी जुळणाऱ्यांचा एक गट समोर आला, आणि त्यातले बहुतेक जण व्हर्जिनियाच्या एकाच कौंटीकडे (जिल्ह्यासारखा विभाग) बोट दाखवत होते. संपूर्ण सेवेत मला सर्वांत मोलाचे वाटलेले साधन हेच. नव्या ग्राहकाने नकाशाचे पान बंद करून आधी इथे यावे.

यानंतर कागदपत्रे. अमेरिकेच्या जनगणनेची पाने ७२ वर्षांनी खुली होतात; सध्या १९५० पर्यंतची पाहता येतात, आणि ती १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. वंशाचा रकाना प्रत्येक जनगणनेत असला, तरी त्यात काय लिहायचे ते दर दहा वर्षांनी बदलत गेले, आणि १९६० च्या आधी ते घरातली माणसे नव्हे, गणना करणारा माणूस ठरवत असे. मिश्र वंशासाठी ‘मुलाटो’ ही नोंद १८५० पासून होती. आज हा शब्द अपमानास्पद मानला जातो, पण शोध घेणाऱ्याला तो ओळखता यायलाच हवा. १९०० मध्ये हा वर्ग नव्हता, १९१० आणि १९२० मध्ये तो परत आला, आणि १९३० मध्ये कायमचा गेला. त्या वर्षीच्या सूचना अशा होत्या की आफ्रिकी रक्ताचा अंश कितीही थोडा असला, तरी त्या व्यक्तीची नोंद ‘निग्रो’ अशीच करावी. एकापेक्षा अधिक वंश निवडण्याची मुभा लोकांना मिळाली ती थेट २००० च्या जनगणनेत.

सासूबाईंचे आजोबा मला १८८० च्या पानावर सापडले. कंपनीच्या शोधयादीत आडनाव चुकीचे उतरवलेले होते, म्हणून आडनाव सोडून देऊन पहिले नाव, अंदाजे वय आणि जुळणीयादीने सुचवलेली कौंटी एवढ्यावरच शोधावे लागले. १८८० च्या तक्त्यात नावापुढे आधी रंगाचा अरुंद रकाना येतो, मग लिंगाचा, मग वयाचा, आणि कुटुंबप्रमुखाशी नाते काय हे सांगणारा रकाना त्या वर्षी प्रथमच आला होता. त्या ओळीवर ‘एमयू’ (मुलाटो), ‘एम’ (पुरुष), ‘९’ आणि ‘मुलगा’ अशा नोंदी होत्या. वरच्या ओळींत आईवडील आणि खालच्या ओळीत धाकटी बहीण, सगळ्यांपुढे तेच ‘एमयू’. यानंतर तोच माणूस मिळतो १९०० मध्ये, ओहायोत, वय २९, जन्म व्हर्जिनिया, आईवडिलांचा जन्मही व्हर्जिनिया, आणि वंशाच्या रकान्यात ‘डब्ल्यू’, म्हणजे गोरा. मधल्या १८९० च्या जनगणनेची पाने जवळजवळ सगळीच नष्ट झाली आहेत, कारण १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत त्यांचा मोठा भाग जळाला आणि भिजला. एका वंशाच्या नोंदीतून दुसऱ्या नोंदीत जाण्याचा जो काळ आम्हाला पाहायचा होता, त्यावरच हा वीस वर्षांचा पडदा आहे.

नाव आणि वय जुळले म्हणजे माणूस तोच, असे मानता येत नाही, आणि नवे ग्राहक इथेच घाई करतात असे मला दिसले. आमच्या बाबतीत डीएनए जुळलेल्या त्या बाई १८८० च्या पानावरील धाकट्या बहिणीची नात निघाल्या. त्या नात्याला अपेक्षित असलेले सेंटिमॉर्गन आणि प्रत्यक्षातले सेंटिमॉर्गन जुळत होते, आणि त्यांच्या घरच्या बायबलमध्ये आजीच्या भावंडांची जी यादी होती, तिच्यात या भावाचा जन्म फेब्रुवारी १८७१ असा होता. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष विचारले होते, आणि ओहायोच्या पानावर हाच महिना आणि हेच वर्ष आहे. कागद आणि डीएनए यांनी एकमेकांना असा दुजोरा दिला, तेव्हाच मी तो दुवा वंशावळीत पक्का केला.

त्याच्याही मागे जाता आले, आणि हे अनेकांच्या वाट्याला येत नाही. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ३९.५ लाख माणसे गुलामीत होती. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाचे नाव लिहून खाली बहुतांशी फक्त वय, लिंग आणि रंग नोंदवलेला असतो. म्हणून पूर्वी गुलामीत असलेल्या कुटुंबांचा शोध १८७० च्या, म्हणजे त्यांची नावे प्रथमच नोंदवणाऱ्या जनगणनेच्या, भिंतीशी येऊन थांबतो. आजोबांच्या वडिलांचे नाव मात्र १८५० च्या सर्वसाधारण जनगणनेतच आहे, याचा अर्थ ते तेव्हा स्वतंत्र होते. १८६० मध्ये व्हर्जिनियात असे सुमारे ५८ हजार स्वतंत्र कृष्णवर्णीय राहत होते. १७९३ च्या कायद्यानुसार त्यांना स्थानिक कार्यालयात नोंदणी करावी लागे, आणि या नोंदवह्यांपैकी बऱ्याच रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाकडे आहेत. आमच्या नोंदीत उंची आहे, उजळ वर्ण आहे, डाव्या हातावरचा व्रण आहे आणि ‘जन्मतः स्वतंत्र’ असा शेरा आहे. १६६२ च्या वसाहती कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरत असे. म्हणजे जन्मतः स्वतंत्र असलेल्या माणसाची आई स्वतंत्र असणार. ज्या काळात माणसाला स्वतःचे स्वातंत्र्य सिद्ध करण्यासाठी अंगावरच्या खुणा सरकारी वहीत लिहून द्याव्या लागत, त्या काळची ती ओळ वाचताना सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या व्रणाबद्दल.

आजोबांनी ओळख का बदलली, याचे उत्तर कोणत्याही कागदावर नाही, पण काळ समोर आहे. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात वंशानुसार रेल्वेच्या वेगळ्या डब्यांचा कायदा वैध ठरवला, आणि त्या खटल्यातले होमर प्लेसी स्वतः एक-अष्टमांश आफ्रिकी वंशाचे होते. १९२४ मध्ये व्हर्जिनियाने वंशशुद्धीचा कायदा करून मिश्र विवाहांवरचे बंधन अधिक कडक केले, आणि ती बंदी १९६७ च्या लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया निकालापर्यंत टिकली. चेरोकी पणजीची गोष्ट मी आता खोटेपणा मानत नाही. सावळ्या वर्णाचे एक सुरक्षित कारण मुलांच्या हाती देऊन ठेवण्याची ती धडपड होती, असे मला वाटते. गोष्ट तपासून पाहणे आवश्यक होतेच, म्हणून १९०६ ते १९०९ या काळातील गियन मिलर यादीसाठी आलेले पूर्वेकडील चेरोकी वंशजांचे अर्जही पाहिले; त्यांत या घराण्याचे कोणी नाही.

सेवेतल्या त्रुटी गंभीर आहेत. इतर ग्राहकांच्या वंशावळींतून येणाऱ्या ‘सूचना’ एका स्पर्शाने आपल्या वंशावळीत उतरवता येतात, आणि त्यामुळे एकाने पुराव्याशिवाय लिहिलेली चेरोकी पणजी कितीतरी वंशावळींमध्ये पसरलेली आहे. कंपनीने अशा दुव्यांपुढे ‘पुरावा नाही’ एवढे तरी दाखवायला हवे. वंशाच्या रकान्याची उतरवलेली नोंद डोळे मिटून मान्य करू नये, दर वेळी मूळ पानाची प्रतिमा उघडावी. सर्वांत मोठी उणीव म्हणजे अनपेक्षित निकालासाठी कुटुंबाला तयार करण्याचे काम कंपनी करत नाही. संमतीपत्रात एक वाक्य असते, ते कोणी वाचत नाही. मामेसासऱ्यांना ही माहिती मुलांना आपल्या वेळेनुसार सांगायची होती, म्हणून त्यांचे नाव जुळणीयादीतून झाकले. ती सोय आहे, पण सेटिंगमध्ये खोलवर दडलेली आहे. घरातल्या जिवंत माणसांशी चाचणीच्या आधीच बोलून घ्यावे, आणि जुळलेल्या अनोळखी नातेवाइकांना पहिला संदेश लिहिताना आपल्याला काय हवे आहे यापेक्षा आपल्याला काय माहीत आहे ते आधी सांगावे. व्हर्जिनियाच्या त्या बाईंच्या घरात निघून गेलेल्या भावाची आठवण दर पिढीने ठेवली होती. आमच्या बाजूला ती पुसली गेली होती. त्यांनी उत्तर दिले, बायबलच्या पानाचा फोटो पाठवला आणि आता त्या आणि सासूबाई दर रविवारी फोनवर बोलतात. हे त्यांचे औदार्य आहे, आपला हक्क नव्हे.

गोपनीयतेचा विचार आधी करावा. २०२३ मध्ये २३अँडमी या डीएनए चाचणी कंपनीच्या नोंदींतील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतील २००८ चा ‘जिना’ कायदा आरोग्यविमा आणि नोकरी यांबाबत जनुकीय भेदभावापासून संरक्षण देतो. आयुर्विम्याला तो लागू नाही.

सदस्यत्वाचे आपोआप होणारे नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करून ठेवावे. ते संपले की कागदांच्या प्रतिमा उघडत नाहीत, जुळणीयादी मात्र दिसत राहते. म्हणून प्रत्येक पान वर्ष, कौंटी आणि पत्रक क्रमांकासह उतरवून घ्यावे. जनगणनेची बरीचशी पाने आणि १८६५ ते १८७२ या काळातील फ्रीडमेन्स ब्युरोची (गुलामीतून मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याची) कागदपत्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. आमचे वर्ष संपत आले आहे आणि आजोबांच्या आईचे माहेर अजून सापडलेले नाही. तो शोध मी आता तिथूनच चालू ठेवणार आहे.